नाव जड झालेला लॅपटॉप

पाक सारिमिन, म्हणजे सारिमिनकाका, यांचे जन्मनाव जयाबाया. जावा बेटावरच्या केदिरीवर एके काळी राज्य करणाऱ्या राजाचे हे नाव त्यांच्या बापाने मोठ्या हौसेने ठेवले होते. बाप घोडागाडी हाकत असे आणि घरात निदान एक तरी राजा असावा असे त्याला वाटे. पण हा राजा सतत तापाने फणफणलेला. पोटात अन्न ठरेना, पाय काड्यांसारखे. शेवटी शेजारच्या म्हातारीने नाडीही न बघता निदान केले : "पोराला नाव जड झालंय. एवढंसं अंग, त्याच्यावर आख्खा राजा बसवलात."

मग लाल आणि पांढरी खीर शिजली, आळीतले लोक चटईवर बसले, मशिदीत बांग देणाऱ्या मोदिननी दुवा मागितली आणि जयाबायाचा सारिमिन झाला. सारिमिन हे नाव इतके हलके की जावात रस्त्यावर खेळ करणाऱ्या माकडाचेही तेच असते. "सारिमिन, बाजाराला जा" म्हटले की माकड छत्री खांद्यावर टाकून निघते. पोराचा ताप गेला तो गेला. थट्टा मात्र जन्माची चिकटली. ताप आणि थट्टा यांत थट्टा परवडते, हा ताळेबंद पाक सारिमिन यांनी लहानपणीच मांडला होता आणि त्यात पुढे कधी खाडाखोड करावी लागली नाही.

मोठेपणी ते 'दोन मैना' छाप केचापच्या कारखान्यात वायरमन म्हणून लागले. हे केचाप टोमॅटोचे नव्हे. सोयाबीन आणि ताडगुळाचे, काळे, दाट, गोड. केदिरीत तळलेला तोफूसुद्धा त्यात बुडवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. पुढे बाटल्या भरायला यंत्र आले आणि यंत्राबरोबर एक करडा डबा आला. त्याला कंट्रोलर म्हणतात. तोटी केव्हा उघडायची, बाटली केव्हा पुढे ढकलायची, हे सगळे त्या डब्याच्या डोक्यात. त्याच्या डोक्यातले काही बदलायचे असेल, तर डबा बनवणाऱ्या कंपनीचेच सॉफ्टवेअर लागे, आणि ते लायसन्स असल्याशिवाय उघडत नसे.

लायसन्स एकच होते. ते कुणाकडे ठेवावे, हा प्रश्न आला. इंजिनीअर येत, काम शिकत आणि सुराबायाला मोठ्या पगारावर निघून जात. सारिमिन कुठेच जात नसत. म्हणून लायसन्स त्यांच्याकडे आले आणि तिथेच मुरले.

जावात पवित्र कबरींची किल्ली ज्याच्याकडे असते त्या राखणदाराला 'जुरु कुंची' म्हणतात. कारखान्यात सारिमिन यांना हेच नाव पडले. "काय जुरु कुंची, आज पीर प्रसन्न आहे का?" असे भरणी खात्यातले लोक विचारत. "उदबत्ती लावून बघतो," असे तेही गंभीर चेहऱ्याने सांगत. थट्टेचे त्यांना काही वाटत नसे, पण कामाचे वाटे. लायसन्स एका वेळी एकाच संगणकात बसते, तिथून न उठवता संगणक पुसला तर लायसन्सही जाते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. "नांदत्या घरातली सून समजा. दुसऱ्या घरी पाठवायची तर आधी या घरातून रीतसर निरोप द्यायचा, माहेरी कंपनीकडे पोहोचवायची, आणि मग तिकडून नव्या घरी आणायची. मध्येच घर पाडलं तर सून कुठली?"

कंपनीकडे लायसन्सची नोंदणी करताना एकच अडचण आली होती. तिथे नाव आणि आडनाव अशा दोन्ही जागा भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि सारिमिन यांच्याकडे होते ते एकच. त्यांनी दोन्ही जागी तेच लिहिले. तेव्हापासून परदेशातून पत्रे येत ती "आदरणीय श्री. सारिमिन सारिमिन" यांना. त्यांची बायको वारसिनी त्यांना 'पाकने', म्हणजे पोरांचे बाबा, अशी हाक मारी; ती म्हणे, "बघा पाकने, कंपनीला तुम्ही एवढे आवडता की दोनदा हाक मारते."

ज्या लॅपटॉपमध्ये हे लायसन्स नांदत होते, त्याचेही बारसे सारिमिन यांनीच केले होते. कारखान्यातल्या सगळ्या संगणकांना त्यांनी महाभारतावरच्या बाहुल्यांच्या खेळातली नावे दिली होती. फाटकावरचा विदूषक, हिशेब खात्यातला म्हातारा सल्लागार. आणि हा लॅपटॉप घटोत्कच. आकाशातून उडणारा, तारांच्या स्नायूंचा आणि लोखंडी हाडांचा भीमपुत्र जावातल्या पोरासोरांचा लाडका. वायरमनच्या लॅपटॉपला याहून शोभणारे नाव कुठले?

त्या वर्षी सारिमिन यांनी निवृत्तीचे ठरवले. कारखान्याच्या मालकीण बू लानी, म्हणजे लानीबाई. वडिलांकडून त्यांना कारखाना आणि आवाज, दोन्ही वारशात मिळाले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिले.

"जा, पाक. तुम्हाला कोण अडवणार? पण लायसन्स म्बाक निंग्रुमच्या लॅपटॉपवर सुखरूप पोहोचू दे. रोज्यांच्या आधी मला छोटी बाटली बाजारात हवी. ती या यंत्रावर भरायची तर डब्याचं डोकं बदलायला लागणार. आणि ते लायसन्स आता कंपनी विकत नाही, माहीत आहे ना? जुनी आवृत्ती. गेलं की गेलं."

"पोहोचवतो, बू."

"पोहोचवा आणि जा. नाही पोहोचलं तर इथेच बसा. छोटी बाटली तुम्ही हातानं भरा."

बू लानी विनोद करत आहेत की नाही, हे त्यांच्याकडे तीस-चाळीस वर्षे काम केलेल्यांनाही सांगता येत नसे. पण सारिमिन यांच्या मनाला लागले ते वेगळेच. एवढी वर्षे सांभाळलेली एकच गोष्ट, आणि तीच जाताना हातून निसटली तर? लोक काय म्हणतील, ते त्यांना ऐकू येऊ लागले होते. जुरु कुंची गेला आणि जाताना पीरही घेऊन गेला.

म्बाक, म्हणजे ताई, निंग्रुम ही नवी इंजिनीअर. मालांगला शिकलेली, हुशार, आणि विशेष म्हणजे सुराबायाला जाण्याचे नाव न काढणारी. "एका सकाळचं काम आहे, पाक," ती म्हणाली. "इकडून परत करायचं, तिकडे चालू करायचं."

नेमका तेव्हाच घटोत्कच आजारी पडला.

आधी नुसता गरम होई. मग चालता चालता पडदा निळा पडे आणि खटकन बंद. लायसन्स परत करायला नेट लावावे, परवानगी मागावी, कंपनीचे उत्तर येईपर्यंत थांबावे, तर तेवढा वेळही तो डोळे उघडे ठेवीना. निंग्रुमने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्याने अर्ध्यात मान टाकली. संगणक दुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, उघडून बघतो, पण आतलं काही बदललं तर लायसन्स राहील याची हमी नाही. सारिमिन यांनी लॅपटॉप त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला.

घरी त्यांनी वारसिनीपुढे सगळे सांगितले. ती शेंगदाण्याची चटणी वाटत होती. वाटता वाटता म्हणाली, "अंगात ताप, मध्येच शुद्ध जाते, औषध देता येत नाही. पाकने, हे तुम्ही कुणाचं सांगताय? तुमच्या आईनं तुमचं असंच सांगितलं होतं मला."

सारिमिन यांचा घास हातात राहिला.

"नाव काय त्याचं?" वारसिनीने विचारले.

"घटोत्कच."

"मग? एवढीशी पाटी, आणि तिच्यावर राक्षस बसवलात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भीत भीत निंग्रुमला विचारले. मालांगला शिकलेली मुलगी हसेल, असे त्यांना वाटले. ती हसली नाही. तिच्या धाकट्या भावाचे नाव दोनदा बदललेले होते. "करून बघू, पाक. नाव बदलणं म्हणजे सेटिंगमधलं एक काम आहे. त्यानं बिघडणार काय?"

हे वाक्य पुढे तिच्या फार दिवस लक्षात राहिले.

खीर वारसिनीने केली. एका वाटीत ताडगूळ घातलेली लाल, एकीत नारळाच्या दुधातली पांढरी. कंट्रोल रूममधल्या टेबलावर चटई अंथरून लॅपटॉप ठेवला. मोदिन आले, बसले, आणि त्यांना प्रश्न पडला.

"माणसाची दुवा येते मला. यंत्राची ऐकलेली नाही."

"रोजगाराच्या वस्तूची मागा," सारिमिन म्हणाले. "नांगराची मागता ना?"

"नांगराचं नाव नाही बदलत कुणी."

"नांगराला ताप येत नाही."

मोदिन विचारात पडले, पण खीर समोर होती. त्यांनी सर्वांच्या क्षेमाची, पोटापाण्याची आणि 'या घरातल्या लहान-थोर अवजारांची' दुवा मागितली. सगळ्यांनी आमीन म्हटले. त्याआधी निंग्रुमने लॅपटॉप पुसला होता, पंख्यातली धुळीची गादी काढली होती आणि तो बॉयलरशेजारच्या फळीवरून उचलून थंड खोलीत आणला होता. पाहुण्याला स्वच्छ करूनच बसवायचे असते. मग तिनेच नवे नाव टाइप केले : बेजो. बेजो म्हणजे नशीबवान. शेतावरच्या गड्याचे असते, बैलाचे असते. याहून हलके नाव मिळायचे नाही.

लॅपटॉप बंद होऊन सुरू झाला आणि खरोखर सुधारला. सकाळभर चालला. अंग गार, पडदा टवटवीत. नावाने गुण आला की पंख्याची धूळ गेल्याने, यावर भरणी खात्यात दोन पक्ष पडले. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळत होता, म्हणून वाद मिटेना. सारिमिन एखाद्या बाळंतिणीच्या नवऱ्यासारखे सगळ्यांना उरलेली खीर वाटत फिरले.

दुपारी निंग्रुमने लायसन्स परत करायला सॉफ्टवेअर उघडले. ते उघडलेच नाही. पडद्यावर एक ओळ आली. ती वाचून तिने हळूच खुर्ची मागे सरकवली.

"पाक."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, हे लायसन्स दुसऱ्या संगणकाचं आहे."

"दुसरा कुठला? हाच तर आहे!"

"आपल्याला तो हाच आहे. लायसन्सला नाही. ते घर नावावरून ओळखतं. दारावरची पाटी घटोत्कचाची होती. आता बेजो कोण, ते त्याला माहीत नाही."

सारिमिन खाली बसले. रोगी खडखडीत बरा झाला होता, आणि त्याची बायको त्याला ओळखायला तयार नव्हती.

"मग पुन्हा जुनं नाव दे."

"तेच करते." निंग्रुमने शाळेत शिकवतात तसे शुद्ध लिहिले. पुन्हा तीच ओळ. आणि खाली आणखी एक, लाल अक्षरांत : चुकीच्या संगणकावरून वारंवार प्रयत्न झाल्यास लायसन्स कायमचे बंद करण्यात येईल.

"पाक, तुम्ही नेमकं कसं लिहिलं होतं?"

हाच तर घोळ होता. घटोत्कच रोमन लिपीत लिहायला गेले, तर जावात पाच माणसे पाच तऱ्हांनी लिहितात. पुस्तकात 'गातोतकाचा'. पण जावातला माणूस 'आ' लिहितो आणि 'ओ' म्हणतो, त्यामुळे कुणी 'गातोतकोचो' लिहितो. कुणी 'तो'चा 'तु' करतो. कुणी विद्वान मध्ये एक 'एच' घालून 'थ' करतो. सारिमिन यांनी ते एकदाच लिहिले होते, तेही फार वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर नुसती हाक मारली होती. हाकेत स्पेलिंग नसते. आणि नाव बदलताना निंग्रुमनेही जुनी अक्षरे न बघताच पुसली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. हिशेब खाते म्हणाले, काचा. भरणी खाते म्हणाले, कोचो. मोदिन खिरीची वाटी न्यायला आले होते, ते म्हणाले की खरा शब्द मुळात हिंदुस्थानचा, तेव्हा तिकडे विचारावे. बू लानी आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"कुणी मला सांगेल का, की एवढ्या मोठ्या कारखान्याचं काम खिरीवर कसं अडलं?"

सांगण्यासारखे एकच होते आणि ते वाटीत होते.

निंग्रुमने कोचो करून पाहिले. पुन्हा लाल ओळ. आता ती अंदाजाने काही करायला धजेना. उरला एकच मार्ग : कंपनीच्या जकार्तातल्या मदत केंद्राला फोन करायचा.

फोन सारिमिन यांनाच करावा लागला, कारण लायसन्स त्यांच्या नावावर होते. त्यांना फोनवर बोलायला आवडत नसे. माणूस समोर असला की त्याच्या भुवया दिसतात आणि आपण किती आडून बोलायचे ते कळते. फोनला भुवया नसतात. निंग्रुमने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे संभाषण प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रित होत आहे," एक गोड यंत्र म्हणाले. त्यानंतर आला तो आवाज गोड नव्हता.

"रोतुआ सिनांबेला बोलतेय! सांगा!"

बाई उत्तर सुमात्राची बाताक, हे आडनावाआधी आवाजानेच कळले. बाताक माणूस "या बसा" म्हणतो तेव्हाही जावातल्या माणसाला वाटते, आता भांडण होणार. सारिमिन नकळत ताठ उभे राहिले.

"नमस्कार बू. त्रास देतोय, माफ करा. आपलं जेवण झालं असेल..."

"झालं! नाव सांगा!"

"सारिमिन."

"आडनाव?"

"सारिमिन."

"नाव विचारलं नाही, पाक, आडनाव!"

"तेही सारिमिन."

"बाऽह! आमच्यात आडनाव विसरलं तर माणसाला जेवायला वाढत नाहीत. बरं, दिसलात. सारिमिन सारिमिन. अडचण काय?"

"अडचण अशी नाही, बू. म्हणजे थोडीशी. लायसन्स जरा... ओळख दाखवत नाही."

"संगणकात काही बदल केलात का?"

सारिमिन यांनी बू लानींकडे पाहिले, मग छताकडे. "बदल म्हणावा असा नाही. जरा तब्येत बरी नव्हती."

"अरे! काय झालं तुम्हाला?"

"मला नाही. त्याला."

"त्याला म्हणजे कुणाला?"

"लॅपटॉपला. अंग तापायचं. मग आम्ही थोडी खीर केली."

"खीर सांडली? पाक, कीबोर्डवर? गोड पदार्थ आत गेला तर..."

"नाही हो, सांडली नाही! त्याच्यासाठी केली."

"लॅपटॉपसाठी खीर केलीत."

"दोन. लाल आणि पांढरी."

निंग्रुमने कपाळावर हात मारला. बू लानींनी खुर्ची ओढून घेतली, कारण आता हे उभ्याने ऐकण्यासारखे राहिले नव्हते.

"पाक सारिमिन," रोतुआबाईंचा आवाज खाली आला, म्हणजे आता तो साधारण इतरांएवढा झाला. "तुम्ही त्याचं नाव बदललंत का? सरळ सांगा. हो की नाही?"

हो की नाही! जन्मात कुणी त्यांना इतके उघडे पाडले नव्हते. सारिमिन यांनी घाम पुसला, डोळे मिटले आणि थंड पाण्यात उडी टाकावी तसे म्हणाले, "हो. बदललं. चूक माझी. जुनं नाव होतं घटोत्कच, पण ते मी कोणत्या अक्षरांत लिहिलं होतं, ते आठवत नाही. आणि हे लायसन्स गेलं, तर मी ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

बू लानी खिडकीबाहेर बघू लागल्या.

"हं," रोतुआबाई म्हणाल्या. "माझ्या काकाचंही बदललं होतं. आधी टायफॉइड, मग मलेरिया, मग नाव बदललं. अजून जिवंत आहे, आणि डोकं खातो. बरं, ऐका. ते नाव माझ्यासमोर पडद्यावर आहे."

"अल्हम्दुलिल्लाह!"

"थांबा! मला ते सांगता येत नाही. नियम आहे. चोर लोक असेच फोन करतात. मी अक्षर जरी उच्चारलं, तरी नोकरी जाईल. सगळं ध्वनिमुद्रित होतंय."

"नको नको, बू. सांगू नका."

"नाहीच सांगणार."

मग रोतुआबाईंनी घसा खाकरला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात एकही गोष्ट आडून सांगितली नव्हती, तिला आता आडून सांगायचे होते. ते तिला किती जड गेले, हे तिच्या श्वासावरून कळत होते.

"पाक, काम बाजूला ठेवू. मी सहज विचारते. तुमच्याकडे बाहुल्यांचा खेळ होतो?"

"होतो, बू."

"खेळ करणारा पुस्तकातून वाचतो, की... तोंडाला येईल तसं बोलतो?"

सारिमिन यांच्या चेहऱ्यावरचा घाम थांबला. ही भाषा त्यांची होती. यात ते लहानाचे मोठे झाले होते. सासऱ्याने "आज ढग आलेत" म्हटले की उठून निघायचे असते, हे ज्याला कळते, त्याला काय अवघड?

"तोंडाला येईल तसं, बू. आमच्या गावच्या बोलीत. तो 'तु' म्हणतो. आणि शेवटी 'कोचो'."

"मी बाहुल्यांबद्दल विचारलं!"

"मीही बाहुल्यांबद्दलच सांगितलं."

"छान खेळ असतो म्हणे," रोतुआबाई म्हणाल्या. "तुमच्या गावचा तर फारच छान."

सारिमिन यांनी निंग्रुमला खूण केली. तिने टाइप केले : गातुथकोचो. ती शिकलेली मुलगी, 'एच' तिच्या बोटातच होता. सारिमिन यांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिले आणि फोनमध्ये मोठ्याने म्हणाले, "बू, त्याच्या आवाजात दम फार. प्रत्येक शब्दावर श्वास सोडतो."

"श्वास?" रोतुआबाई जवळजवळ ओरडल्या. "छे! श्वास अजिबात सोडू नये! घशाला वाईट! एकही नाही!"

सारिमिन यांनी 'एच'वर बोट ठेवले. निंग्रुमने तो खोडला.

"बू," ते म्हणाले, "आपण मला काहीच सांगितलं नाहीत."

"काहीच नाही! लक्षात ठेवा!" आणि फोन बंद झाला.

घटोत्कच पुन्हा घटोत्कच झाला. बंद होऊन सुरू झाला. सॉफ्टवेअर उघडायला घेतले, आणि ते उघडले. लायसन्सने नवऱ्याला ओळखले. खोलीत आनंदाचा आवाज उठणार, तोच लॅपटॉपच्या पंख्याने घुरघुर सुरू केली.

"ताप चढतोय," मोदिन म्हणाले. अजून गेले नव्हते ते.

"परत करते आहे," निंग्रुम म्हणाली. पडद्यावर एक हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत आली आणि थबकली. कंपनीच्या उत्तराची वाट. लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेववेना. बू लानींनी कुणाला काही न सांगता टेबलावरचे पुठ्ठ्याचे खोके फाडले आणि स्वतः वारा घालू लागल्या. छोट्या बाटलीसाठी छापून आणलेले ते पहिले खोके होते.

"जोरात, बू," निंग्रुम म्हणाली, आणि आपण मालकिणीला काय म्हणालो हे कळून जीभ चावली. बू लानींनी जोर वाढवला.

सारिमिन लॅपटॉपशी वाकून हळू बोलत होते, तापलेल्या पोराशी बोलावे तसे. "एवढंच. एवढं झालं की तुला काही काम नाही. घटोत्कच म्हणवून घेतोस ना? मग थोडं तग धर."

पट्टी सरकली. भरली. "लायसन्स परत मिळाले," असे पडद्यावर आले आणि त्यावर निळा रंग पसरला. त्यानंतर तो लॅपटॉप कधीच सुरू झाला नाही. पण सून माहेरी पोहोचली होती. तिथून ती निंग्रुमच्या लॅपटॉपवर यायला चहा होईपर्यंतचाच वेळ लागला. निंग्रुमने आपल्या लॅपटॉपला नाव दिलेले नव्हते, तो बनला त्या कारखान्यात पडलेला लांबलचक आकडा तसाच होता. "तसाच राहू दे," सारिमिन घाईघाईने म्हणाले. "हात नको लावू."

रोज्यांच्या आधी छोटी बाटली निघाली. डब्याच्या डोक्यातला बदल निंग्रुमने केला, आणि सारिमिन मागे हात बांधून उभे राहिले. काही विचारलेच तर सांगावे म्हणून. तिने विचारले नाही, हे त्यांना फार आवडले. बू लानींनी पहिली बाटली त्यांच्या हातात दिली. "घ्या. मोकळे झालात. आता घरी जाऊन पक्षी पाळा, नाहीतर माझ्या कारखान्यात अजून काहीतरी आजारी पडेल."

ते घरी गेले. कवडे पाळले. आठवडा गेला असेल-नसेल, जकार्ताहून फोन आला. या वेळी एक शांत, सुशिक्षित पुरुषी आवाज होता. कंपनीच्या गुणवत्ता विभागातून.

"पाक, आपण आमच्या प्रतिनिधी रोतुआ सिनांबेला यांच्याशी बोलला होतात. त्या संभाषणाची फाइल तपासायला निघाली आहे. काही प्रश्न विचारू का?"

सारिमिन यांनी पिंजऱ्याचे दार लावले आणि ताठ बसले. बाईची नोकरी आता त्यांच्या जिभेवर होती.

"विचारा, भाऊ."

"प्रतिनिधींनी आपल्या अडचणीचं उत्तर स्पष्टपणे सांगितलं का?"

स्पष्टपणे! हो म्हणावे तर बाई नियम मोडून बसली. नाही म्हणावे तर बाई कामात कच्ची ठरली. जावातला माणूस इथे "म्हणजे, तसं..." म्हणून अर्धा तास काढू शकतो, आणि सारिमिन यांनी तोंडही तसेच उघडले होते. पण बाईने त्यांना एकदा हो की नाही विचारले होते आणि त्यांनी सरळ सांगितले होते. ते करता येते, हे आता त्यांना कळले होते.

"नाही," ते म्हणाले. "काहीही सांगितलं नाही. मी विचारत होतो, त्या सांगत नव्हत्या. शेवटपर्यंत एक अक्षर सांगितलं नाही."

"आणि आपलं काम?"

"काम झालं."

पलीकडे कीबोर्ड वाजायचा थांबला. "मग गुण किती द्याल, पाक?"

"पैकीच्या पैकी."

"पण कशाबद्दल? मला इथे कारण लिहायचं आहे."

"न सांगितल्याबद्दल लिहा," पाक सारिमिन म्हणाले. "इतकं चांगलं न सांगणारं माणूस मी आमच्या जावातसुद्धा पाहिलेलं नाही."